सांगितलं तेवढंच करायचं

अहो, परवा तुमच्या अध्यापन मंदिरात शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं, तुमच्या फोटोच्या अगदी समोर. फोटो ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्यात तुम्ही कुणावर तरी डाफरायच्या बेतात असल्यासारखे दिसता. प्राचार्य बोलायला उठले आणि म्हणाले, "बोरसेसाहेब म्हणजे आपल्या संस्थेतले कॉम्प्युटरचे जाणकार." मला एकदम हसू फुटलं. पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं रडते आहे, आणि खरं म्हणजे हसता हसता तेही सुरू झालंच.

कॉम्प्युटरचे जाणकार! बडोद्याचं प्रशिक्षण आटोपून आलात तेव्हा चपला काढायच्या आधीच तुम्ही सांगितलं होतंत, "शैला, यंत्र पाहिलं. मठ्ठ आहे गं ते. सांगितलं तेवढंच करतं. सगळी गंमत सांगणाऱ्याची आहे." पुढे संस्थेत एक कॉम्प्युटर आला. तो काचेच्या खोलीत, कापडी झाकणाखाली झोपलेला असायचा, आणि किल्ली प्राचार्यांच्या खिशात. तुम्ही त्या किल्लीच्या मागे कधी लागला नाहीत. तुम्हाला हवी होती ती माझ्या वर्गातली पोरं.

ते कुणी सांगितलं नाही सभेत. सांगणार तरी कोण? ते तुमच्या-माझ्यातच राहिलं, आणि भांडणासकट राहिलं.

तुमचं म्हणणं एवढंच होतं की शिक्षक व्हायला निघालेल्या मुलामुलींना (आपल्या इथे गुजरातीतला 'तालीमार्थी' हाच शब्द रुळलेला) व्याख्या पाठ असतात, सरावपाठ घोकून देता येतात. पण एखाद्या कामाच्या पायऱ्या पाडता येतात का, आधी काय आणि नंतर काय हे कळतं का, चुकलं तर नेमकं कुठे चुकलं ते शोधता येतं का, हे कुणी तपासतच नाही. "ज्याला स्वतःचा विचार सुटा करता येत नाही, तो पोरांना भागाकार काय शिकवणार?" असं म्हणत तुम्ही माझ्यासमोर येरझाऱ्या घालायचात. त्यासाठी तुम्ही परीक्षा रचलीत. कॉम्प्युटर नाही तर नाही, पोरं आहेत. तालीमार्थ्याने सांगायचं आणि पोराने सांगितलं तेवढंच करायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

नवागामच्या कामगारवस्तीतल्या आमच्या त्या मराठी शाळेत, चौथीच्या वर्गात, खिडकीबाहेर मागांची खटखट चालू असताना ही तुमची परीक्षा व्हायची. पोरं 'यंत्र' व्हायला एका पायावर तयार. त्यातली रंजी म्हणजे रंजना तर कमालच. एकदा यंत्र झाली की तिच्या चेहऱ्यावर हसू म्हणून यायचं नाही. एक तालीमार्थी तिला मोठ्या ऐटीत म्हणाला, "पाणी पी." रंजी उभीच.

"अगं, पी ना!"

उभीच.

"माठाकडे जा." गेली. "पाणी घे."

रंजीने कोपरापर्यंत हात माठात घातला. अख्खा वर्ग बाकांवर आडवा झाला. तो बिचारा घामाघूम. तुम्ही मात्र मागच्या भिंतीला टेकून गंभीर. "काय राहिलं ते शोधा," एवढंच म्हणालात.

"ओगराळं राहिलं, साहेब."

"फक्त ओगराळं?"

दुसरं काम उंचीप्रमाणे रांग लावायचं. नजरेने नाही, एका वेळी दोनच पोरं पाठीला पाठ लावून उभी करायची आणि तेवढ्यावरून सगळी रांग लागली पाहिजे. तिसऱ्यात तुम्ही मनात एक वस्तू धरायचात आणि तालीमार्थ्याने ती हो-नाही एवढ्याच उत्तरांवरून ओळखायची. "एकेका वस्तूचं नाव घेत बसू नका," तुम्ही बजावायचात. "असा प्रश्न विचारा की जगाचे दोन भाग पडतील आणि एक भाग गळून जाईल." मला ते वाक्य आवडायचं. तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुम्ही आधीच पुरेसे फुशारलेले असायचात.

कल्पना नावाची ती मुलगी आली तुमच्या दुसऱ्या तुकडीत. आमच्या शाळेपासून दोन गल्ल्या सोडून राहणारी, बाप मागावर, मूळचे पारोळ्याकडचे. बोलायला लागली की अर्धी मराठी, अर्धी गुजराती, आणि घाबरली की निव्वळ अहिराणी. तिच्या वाट्याला आलेलं काम असं: डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या रंजीला दारापासून माझ्या टेबलापर्यंत आणायचं, फक्त शब्दांनी. हात लावला की शून्य.

ती "सरळ चाल" म्हणाली. किती पावलं ते सांगायचं राहिलं. रंजी चालायला लागली. कल्पना "थांब" म्हणाली, पण त्याच वेळी बाहेर कापडाच्या गठ्ठ्यांचा ट्रक मागे येत होता आणि त्याचा भोंगा थांबता थांबेना. रंजीला काही ऐकू गेलं नाही. पहिल्या बाकाजवळच्या कपाटाची एक लोखंडी पट्टी उचकटून बाहेर आली होती, नेमकी रंजीच्या डोळ्यांच्या उंचीला. मी टेबलाच्या पलीकडून उठेपर्यंत कल्पना धावली होती. तिने रंजीला ओढलंही नाही. आपला पंजा पट्टी आणि पोरीचं तोंड यांच्या मध्ये घातला. पट्टी तिच्या हातात शिरली.

तुम्हीच तिला दवाखान्यात नेलंत, टाके पडेपर्यंत थांबलात, घरी सोडून आलात. आणि शून्य दिलंत.

ताटावर बसल्यावर मी विचारलं, "शून्य?"

"नियम आधी सांगितला होता."

"पोरीचा डोळा गेला असता."

"म्हणूनच शून्य. पावलं मोजून सांगितली असती तर हात घालायची वेळच आली नसती."

"शिक्षकाने जे करायचं तेच तिने केलं."

"ते आईसुद्धा करते, शेजारीणसुद्धा करते. मी ते मोजत नाही, शैला. मला विचार मोजायचाय."

"धावायचं, हा विचार नव्हता?"

तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही खरंच विचारात पडलात. तुमचा तोच स्वभाव मला भांडतानाही आवडायचा. मग म्हणालात, "नाही. ते विचाराच्या आधीचं आहे."

"आणि जे विचाराच्या आधीचं आहे, ते ज्याच्याकडे नाही, त्याला तुम्ही शिक्षक करणार?"

यावर तुम्ही ताक मागितलंत.

ते भांडण किती दिवस चाललं! भाजी निवडताना, बसस्टॉपवर, एकदा तर चलथाणला लग्नात जेवणाच्या पंगतीत. वाढणारा बुंदी घेऊन उभा आणि तुम्ही त्याला थांबवून मला सांगताय की तापमापकाने ताप मोजायचा असतो, रोग्याचा स्वभाव नाही. तो म्हणाला, "काका, बुंदी घ्यायची की नाही?" तुम्ही त्याला म्हणालात, "बघ, याने जगाचे दोन भाग केले." मी रागात होते तरी ठसका लागेपर्यंत हसले.

आणि मग तुम्ही माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसलात. दिवसभर. गुडघे बाकात मावत नव्हते. संध्याकाळी घरी येताना विचारलंत, "ती खिडकीजवळची मुलगी, तिला भागाकार कळला नाही हे तू कसं ओळखलंस? तिने तर 'कळलं बाई' म्हणून मान हलवली होती."

"कळलं मला."

"कशावरून? पायरीपायरीने सांग. म्हणजे मला ते तालीमार्थ्यांना शिकवता येईल, तपासता येईल."

मी खरंच प्रयत्न केला. मान हलली, पण उशिरा हलली. नाही, तसंही नाही. शेजारणीच्या पाटीकडे तिने पाहिलं. पण तसं तर सगळ्याच पाहतात. शेवटी म्हटलं, "मला नाही हो सांगता येत."

"सांगता येत नाही म्हणजे तुला ठाऊक नाही," तुम्ही म्हणालात.

तुम्ही ते दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. तालीमार्थ्याला म्हणावं तसं सहज म्हणालात. पण मी उभ्या आयुष्यात शिकवलं त्यावर कुणी ओला बोळा फिरवावा तसं मला झालं. घरी येईस्तोवर मी बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही सीताफळं आणलीत आणि काही न बोलता ओट्यावर ठेवलीत. आपल्या घरात माफी फळांच्या रूपाने यायची. मी ती फोडून तुमच्यापुढे ठेवली. बिया काढता काढता तुम्ही म्हणालात, "हा विषय अर्धवट राहिलाय. सुट्टीत निवांत बोलू."

सुट्टीच्या आधीच ती सकाळ आली. दाढी करता करता तुमच्या हातून ब्रश पडला. मी म्हटलं, "उचला की." तुम्ही त्याच्याकडे पाहत राहिलात. तुमची उजवी बाजू तुमचं ऐकेनाशी झाली होती.

डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. फक्त! ज्या माणसाने आयुष्यभर 'नेमकं सांगा, पुरं सांगा' असा धोशा लावला, त्याच्याबद्दल ते 'फक्त' म्हणत होते. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर बऱ्याच दिवसांनी तुम्हाला एक शब्द परत मिळाला. एकच. 'मग'.

चहा हवा का विचारलं की "मग!" म्हणजे हवाच, विचारतेस काय. आपला संजू हजीऱ्याच्या कारखान्यातून पाळी करून आला की त्याच्याकडे मान वळवून "मग?" म्हणजे काय रे, दिवस कसा गेला. उगीच खिडकीबाहेर पाहत "मग…" म्हणजे काहीच नाही, किंवा सगळंच. मला वाटलं, मी हे निभावून नेईन. इतकी वर्षं न बोलणाऱ्या पोरांच्या मनातलं ओळखत आले, तुमचं नाही ओळखणार? खरं सांगते, मनातून मला थोडा अभिमानसुद्धा वाटला होता.

कल्पना हॉस्पिटलात पहिल्या आठवड्यातच आली होती. तुमच्या त्या शून्याने तिचा नंबर यादीत खाली गेला होता, नेमणूक लांबली होती, म्हणून मला तिच्याकडे बघवेना. तीच म्हणाली, "बाई, साहेबांनी शून्य दिलं ते बरोबरच होतं. मी पावलं सांगितलीच नव्हती." आणि तळहातावरचा व्रण चोळत म्हणाली, "पण परत तसं झालं ना, तर मी परत धावेन." तुम्ही झोपलेले होतात. हे तुम्हाला ऐकायला हवं होतं. तुमचं-माझं सगळं भांडण त्या पोरीने दोन वाक्यांत मिटवलं होतं, आणि तुम्ही घोरत होतात.

आणि मग तो दिवस. सकाळपासून तुमचं "मग, मग" चाललेलं. डावा हात दाराकडे. मी पाणी दिलं. दार उघडलं, लावलं. पंखा कमी केला. कूस बदलली. संजूला बोलवू का म्हटलं. रेडिओ लावला. तुमच्या आईचा फोटो आणून दाखवला. तुम्ही डाव्या हाताने गादीवर मारायला लागलात आणि एकदम रडलात. तुम्हाला रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मी पलंगाजवळ खाली बसले आणि म्हटलं, "नाही कळत हो मला. नाही कळत." तेवढ्यात कल्पना आली. तिने दारातूनच विचारलं, "काय व्हयनं, बाई?"

तिने माझ्यासारखी धावाधाव केली नाही. तुमच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशी खाली बसली, तुमचा डावा हात हातात घेतला. "साहेब, मी विचारते. हो असेल तर बोट दाबा. घाई नाही." आणि विचारायला लागली. वस्तू हवीय? नाही. माणसाबद्दल आहे? बोट दाबलं. घरातल्या माणसाबद्दल? हो. बाईंबद्दल? हो. बाईंनी काही करायचंय? हो. इथे, घरात? नाही. बाहेर? हो. रोज करायचं काही? हो.

"शाळा? बाईंनी शाळेत जायचं, साहेब?"

तुम्ही डोळे मिटलेत आणि तिचं बोट इतका वेळ दाबून धरलंत की तीच रडायला लागली. मी उठून बाजूला उभी होते. तुम्ही पडल्यापासून मी रजेवर होते. माझ्या वर्गाला कोण सांभाळतंय, कुणी सांभाळतंय की नाही, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता; तो तुम्ही त्या पलंगावर पडून करत होतात.

"मी नाही जाणार," मी म्हटलं.

"मग?" तुम्ही म्हणालात. जुन्या आवाजात. म्हणजे, तू नाही तर कोण?

म्हणून मी गेले. सकाळी कल्पनाच्या शिकवण्या असत, दुपारी ती तुमच्यापाशी येऊन बसायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायची. मी दुपारच्या पाळीला जायचे. पहिले दोन दिवस फळ्यावर लिहितानाही मला तुमचा श्वास ऐकू यायचा. नंतर पोरांनी मला हळूहळू ओढून घेतलं. हे तुम्हाला ठाऊक होतं, होईल असं, हो ना?

की नव्हतं? अहो, हेच मला आता छळतं. कल्पनाचे प्रश्न 'शाळा' इथे थांबले, कारण तुम्ही डोळे मिटलेत. तुम्ही दमून मिटले असतील तर? 'शाळेत जा' याच्या पलीकडे आणखी एखादा प्रश्न असेल तर? शाळेतून काही आणायचं होतं, कुणाला काही सांगायचं होतं, की 'शाळेत गेलीस तरी लवकर ये' असं होतं? शोकसभेनंतर पायऱ्या उतरताना कल्पनाच आपणहून म्हणाली, "बाई, मी साहेबांना अजून एक प्रश्न विचारायला पाहिजे होता. पण ते दमले होते ना." म्हणजे तिलाही तेच कुरतडतंय. मी तिला म्हटलं, "ते दमलेत हे तुला दिसलं, म्हणून तू थांबलीस. योग्य केलंस." म्हटलं खरं. पण मला स्वतःला त्या वाक्याचा आधार पुरत नाही.

तुमच्या रीतीने कल्पना तुमच्या मनापर्यंत पोचली, जिथे मी माझ्या रीतीने पोचू शकले नाही. हे मला कबूल आहे, आणि त्यासाठी मी तुमची आणि तिची ऋणी आहे. नाहीतर तुम्ही तसेच गादीवर हात आपटत राहिला असतात. पण ती पूर्ण पोचली का, हे तपासायचं कसं, ते तुम्ही शिकवलं नाहीत. सुट्टीत निवांत बोलू म्हणाला होतात. आता कुणाशी बोलू? संजूला वाद घालता येत नाही. तो लगेच "जाऊ दे ना, मम्मी" म्हणतो. घरात कुणी माझं म्हणणं खोडून काढत नाही. इतकं सामसूम घर मला नको आहे. कालच्या आमटीत मीठ जास्त झालं होतं, तेही कुणी बोललं नाही.

भेटायला येणारे म्हणतात, त्यांना त्रास झाला नाही, झोपेतच गेले. तुम्ही गेलात तेव्हा मी कुठे होते, काय करत होते, हे मात्र कुणी विचारत नाही. त्यांना वाटतं मला वाईट वाटेल. म्हणून तुम्हालाच सांगते.

मी वजाबाकी घेत होते. नव्या पोरांसाठी मुद्दाम सोपं गणित घातलं, "एका खोलीत सहा माणसं राहतात. दोघं गावाला गेली. तर खोलीत आता किती?" सगळी पोरं "चार, चार" ओरडली. नंदुरबारकडून नुकतीच आलेली एक मुलगी आहे, अजून वर्गात तोंड न उघडलेली. ती उभी राहिली आणि ठासून म्हणाली, "आठ."

"आठ कसे गं?"

"बाई, दोन गावले गयात ना? त्या येताना दोन जन लई येतस."

अहो, बरोबरच होतं तिचं! गावाला गेलेले दोघं परत येताना आणखी दोघांना कामाला घेऊन येतात. नवागामच्या कुठल्याही खोलीत जाऊन बघा. पायरीने गेली होती पोरगी, एकही पायरी न गाळता; उलट माझ्या गणितात जी नव्हती तीही धरून. वर्ग हसत सुटला, ती मुलगी आधी बावरली आणि मग स्वतःच हसायला लागली, आणि मीसुद्धा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती दिवसांनी हसले होते. फळ्यावर मी मोठा आठ काढला. मनात म्हटलं, संध्याकाळी तुमच्या उशाशी बसून हे तिच्याच बोलीत सांगायचं, आणि विचारायचं, हिला किती गुण द्याल? तुमच्या ओठाचा डावा कोपरा कसा वर जाईल तेसुद्धा मला दिसत होतं. तसाच खडू हातात घेऊन, हसत हसत मी वळले, तर दारात कल्पना उभी होती. तिच्या पायात चपला नव्हत्या.